मॅरेथॉनच्या टेकाडापाशी

परदेशच्या प्रवासाचे वर्णन लिहिण्याचा ज्यांना अधिकार असतो, त्यांपैकी मी नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. शाळेचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पुढे पाठशाळेत संस्कृत, आणि त्यानंतर तेहतीस वर्षे एका खेड्यातील हायस्कुलात तेच संस्कृत मुलांना शिकविण्याचा उद्योग, एवढीच माझी पुंजी. परंतु धाकट्या भावाचा मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीत राहतो. त्याने व सूनबाईने दोन वर्षे आग्रह धरला, घरात थोरल्या बंधूंनी व वहिनींनी रुकार दिला, आणि गेल्या दसऱ्यानंतर मी विमानात बसलो.

"काका, तुम्हांला काय काय पाहावयाचे आहे?" पुतण्याने विचारले. त्याने पॅरिस, रोम, व्हेनिस अशी नावे मनात योजून ठेवली होती. मी म्हणालो, "मला एक मातीचे टेकाड पाहावयाचे आहे. ते ग्रीस देशात मॅरेथॉन येथे आहे."

तो हसला. "काका, मॅरेथॉनला लोक पळावयास जातात!"

त्याचे म्हणणे खोटे नव्हे. आपल्या भाषेत हा शब्द आता इतका रुळला आहे की पुण्यास 'मॅरेथॉन' धावतात आणि मंत्र्यांच्या लांबलेल्या सभेसही वर्तमानपत्रे 'मॅरेथॉन बैठक' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र बडीशेप असा आहे. ज्या माळावर बडीशेप माजली होती तो हा माळ. तेथे जाण्याचे माझे कारण पस्तीस वर्षांपूर्वीचे होते, आणि ते सांगितल्यावाचून पुढचे वर्णन कळावयाचे नाही.

मी नोकरीत नवा होतो. इतिहासाचे शिक्षक रजेवर गेले की तो तास मजकडे येई आणि मी मुलांना देशोदेशीच्या गोष्टी सांगे. एके दिवशी मॅरेथॉनच्या लढाईची गोष्ट सांगितली. इराणचा बलाढ्य बादशहा, लहानसे अथेन्स, आणि विजयाची वार्ता घेऊन धावत आलेला तो दूत, जो "आपण जिंकलो" एवढेच बोलून कोसळला. मुले तन्मय झाली होती. शेवटी मी सांगितले की त्या लढाईत इराणचे ६४०० लोक पडले व अथेन्सचे अवघे १९२. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, ते १९२ जण कोण होते? त्यांची नावे काय?"

मी म्हणालो, "आकडा पाठ कर. नावे परीक्षेत विचारीत नाहीत."

वर्ग हसला. मुलगा खाली बसला. शाळा सुटल्यावर तो मजकडे आला आणि खाली मान घालून म्हणाला, "आमच्या पणजोबांचापण आकडाच आहे, गुरुजी." मला अर्थबोध झाला नाही. मग त्याने गावच्या चावडीच्या भिंतीत बसविलेला दगड दाखविला. असे दगड महाराष्ट्रात पुष्कळ गावी आहेत. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास या गावातून इतकी माणसे गेली आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा मजकूर त्यांवर कोरलेला असतो. आमच्या दगडावर प्राण दिलेल्यांचा आकडा सहा आहे. नाव एकही नाही. त्या सहांतला एक त्या मुलाचा पणजोबा होता. त्या दगडाजवळून मी रोज जात होतो, पण तो कधी वाचला नव्हता. त्या मुलाला मी काय उत्तर दिले ते आता आठवत नाही. बहुधा काहीच दिले नसावे.

असो. आम्ही प्रथम अथेन्सला उतरलो. तेथील प्राचीन बाजारपेठेच्या जागी, अत्तालोस राजाने बांधविलेल्या आणि अलीकडे पुन्हा उभारलेल्या लांबलचक ओवरीत एक संग्रहालय आहे. त्यात काचेआड एक ढाल ठेवली आहे. तिचे लाकूड केव्हाच कुजून गेले, वरचा काशाचा पत्रा तेवढा राहिला, तोही चेपलेला व फाटलेला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी ग्रीक अक्षरे ठोकली आहेत. पायलॉस येथे लॅसिडिमोनच्या, म्हणजे स्पार्टाच्या, लोकांकडून अथेन्सवासीयांनी ही जिंकून आणली, असा त्यांचा आशय. ती इ. स. पू. ४२५ मधील लढाईची. मॅरेथॉनच्या ६५ वर्षांनंतरची असली, तरी ढालीचा घाट तोच. व्यास सुमारे तीन फूट, आकार उथळ परातीसारखा, आणि पुरी असताना वजन सहासात किलो.

ह्या ढालीपुढे मी बराच वेळ उभा राहिलो, कारण ग्रीकांच्या पायदळाची सारी किल्ली तिच्यात आहे. आपल्याकडची ढाल मुठीत धरावयाची. हात फिरेल तशी ती फिरते आणि धरणाऱ्याचे सर्व अंगाने रक्षण करते. ग्रीक ढालीच्या आतल्या बाजूस मध्यावर एक रुंद कडे असे. त्यातून डावा हात कोपरापर्यंत घालावयाचा आणि काठाशी असलेली दोरीची पकड मुठीत धरावयाची. अशी ढाल अंगापुढे धरली की तिचा उजवा अर्धा भाग धरणाऱ्याच्या छातीपुढे येतो आणि डावा अर्धा भाग त्याच्या डावीकडे मोकळा राहतो. तो कोणाच्या उपयोगी? शेजाऱ्याच्या! डावीकडच्या गड्याची उजवी कूस, म्हणजे भाला उगारल्यामुळे उघडी पडणारी बाजू, त्या अर्ध्या ढालीने झाकली जाते. आपली उजवी कूस झाकणे उजवीकडच्या गड्याच्या हाती. अशी माणसे खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभी राहिली आणि तिच्यामागे दुसरी, तिसरी, अशा सामान्यतः आठ ओळी झाल्या, म्हणजे ग्रीकांचा तो प्रसिद्ध व्यूह, फॅलँक्स, तयार होई.

ह्या व्यूहातील सैनिकास होप्लाइट म्हणत. डोक्यावर एकसंध काशाचे शिरस्त्राण. त्याने गाल, नाक व कान इतके झाकले जात की ऐकू कमीच यावे. अंगात तागाच्या कापडाचे अनेकपदरी किंवा काशाचे चिलखत, पोटऱ्यांवर काशाची कवचे, हातात सात-आठ फुटी भाला. भाल्याच्या मागल्या टोकासही अणकुचीदार काशाचे बूड असे. पुढचे पाते मोडले तर भाला उलटा करून लढता येई. हे सारे सामान सरकारातून मिळत नसे. ज्याचे त्याने विकत घ्यावयाचे. म्हणून होप्लाइट हा बहुधा बेताच्या जमिनीचा शेतकरी किंवा हुन्नरी असे. पेरणी-कापणीतून मोकळा झाला की भिंतीवरची ढाल काढून तो ओळीत उभा राही. आणि ओळीत शेजारी कोण? त्याच्याच कुळीचा, त्याच्याच आळीचा माणूस. अथेन्सचे नागरिक दहा गणांत वाटलेले होते आणि लढाईतही ते गणवार उभे राहत.

प्लुटार्क ह्या ग्रंथकाराने स्पार्टाच्या एका राजाचा संवाद सांगितला आहे. रणात शिरस्त्राण किंवा चिलखत टाकणाऱ्यास तुम्ही दोष देत नाही, मग ढाल टाकणाऱ्याचीच बेअब्रू का करता, असे कोणी त्यास विचारले. राजाने उत्तर दिले की शिरस्त्राण आणि चिलखत माणूस स्वतःसाठी घालतो. ढाल मात्र साऱ्या ओळीसाठी धरतो.

ग्रीक माणूस देवदुर्लभ होता असे मात्र समजू नये. थ्युसिडिडीझ ह्या इतिहासकाराने इ. स. पू. ४१८ मधील मँटिनियाच्या लढाईचे वर्णन करताना मोठी मार्मिक गोष्ट नोंदली आहे. सेना पुढे सरकू लागली की ती आपोआप उजवीकडे कलते. कारण प्रत्येक जण भीतीपोटी आपली उघडी कूस शेजाऱ्याच्या ढालीखाली अधिकाधिक सरकवितो. ह्याला आरंभ करणारा असतो अगदी उजव्या टोकाचा माणूस. त्याला झाकणारे कोणीच नसते, म्हणून तो सारखा बाहेर सरकतो, आणि इतर त्याच्या मागोमाग. हे वाचले तेव्हा मला आमच्या एकत्र घराची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. घरात अगदी टोकाला उभे असलेले माणूस कोण, आणि त्याच्या उघड्या बाजूची काळजी कोणी केली, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मॅरेथॉनला निघालो. अथेन्सपासून अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. रस्ता डोंगराला वळसा घालून समुद्राच्या अंगाने जातो. दुतर्फा ऑलिव्हची राखी-हिरवी झाडे, मधूनमधून घरे, दुकाने, पेट्रोलपंप. रस्त्यावर एक निळी रेघ आखलेली दिसली. दर वर्षी नोव्हेंबरात होणाऱ्या शर्यतीचा मार्ग दाखविण्यासाठी ती आहे, असे पुतण्याने सांगितले. ह्या शर्यतीचा आरंभ १८९६ मध्ये अथेन्सला भरलेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिक सामन्यांत झाला आणि ती स्पिरिडॉन लुइस नावाच्या ग्रीक गड्याने जिंकली.

येथे मला माझ्या एका चुकीची कबुली देणे प्राप्त आहे. वर्गात रंगवून सांगितलेली दूताची ती गोष्ट हिरोडोटसच्या इतिहासात नाही. लढाईनंतर सुमारे दोन पिढ्यांत लिहिणारा हिरोडोटस एवढेच सांगतो की लढाईपूर्वी एक दूत मदत मागण्यासाठी अथेन्सहून स्पार्टास धावत गेला आणि दुसऱ्या दिवशी पोहोचला. विजयाची वार्ता सांगून प्राण सोडणारा धावपटू आढळतो तो प्लुटार्क व ल्युशियन ह्यांच्या लेखनात, म्हणजे लढाईनंतर पाच-सहाशे वर्षांनी. आणि त्याच्या नावाविषयीही त्यांचे एकमत नाही. मात्र खरोखर घडले ते ह्याहून मोठे. इराणी गलबते पराभवानंतर किनाऱ्याला वळसा घालून निराधार अथेन्सवर निघाली, तेव्हा दिवसभर लढलेले ते सारे पायदळ पाय नेतील तितक्या वेगाने अथेन्सला परतले आणि शत्रूच्या आधी पोहोचून नगरापुढे उभे राहिले. चाल केली हजारोंनी, आणि जगाने लक्षात ठेवला एक धावणारा.

मैदान समोर आले. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस अर्धचंद्राकार उपसागर, मध्ये सपाट भूमी आणि उत्तरेकडे दलदल. इ. स. पू. ४९० मध्ये दारयवहू, म्हणजे इंग्रजीतील डरायस, ह्याचे सैन्य दातिस व आर्ताफर्नेस ह्यांच्या हाताखाली येथे उतरले. आशियाच्या किनाऱ्यावरील आयोनियन ग्रीकांच्या बंडास अथेन्सने मदत केली होती, त्याचे उट्टे काढावयाचे होते. ह्याच आयोनियन नावाचे इराणी रूप 'यौन' आणि आपले 'यवन'. पाणिनीच्या सूत्रांत येणारा यवन तो हाच. आणखी एक नाव वाचून मी चमकलो. इराणी सैन्याच्या मध्यभागी, मानाच्या जागी, इराणी लोकांबरोबर 'शक' उभे होते, असे हिरोडोटस सांगतो. ज्यांचे नाव आपल्या पुराणांत येते आणि आपल्या पंचांगातील कालगणनेलाही चिकटले आहे, त्याच नावाचे लोक ह्या माळावर लढले होते. संस्कृताच्या शिक्षकास परक्या भूमीवर दोन ओळखीचे शब्द भेटले, ह्याचा आनंद वाचकांनी समजून घ्यावा.

अथेन्सचे सुमारे नऊ-दहा हजार होप्लाइट डोंगराच्या पायथ्याशी तळ देऊन होते. घोडदळ नाही, तिरंदाज नाहीत. स्पार्टाने निरोप पाठविला की पौर्णिमेपूर्वी आम्हांस निघता येत नाही. मदतीस आले ते एकटे प्लाटिया, उत्तरेकडील एक चिमुकले गाव. त्याने आपले सगळे लढणारे पुरुष, सुमारे हजार, पाठविले. दहा सेनापतींत पाचांचे मत पडले लढावे, पाचांचे पडले लढू नये. तेव्हा कॅलिमाकस ह्या रणाध्यक्षाने मिल्टियाडीझचे ऐकून लढाईच्या बाजूने मत दिले.

पेच असा होता की इराणी ओळ लांब होती. आपली ओळ आखूड ठेवली तर शत्रू दोन्ही बाजूंनी वेढा घालणार. म्हणून ग्रीकांनी आपली ओळ तितकीच लांबविली आणि त्यासाठी मध्यभाग पातळ केला. दोन्ही टोके मात्र भक्कम ठेवली. उजव्या टोकास कॅलिमाकस, डाव्या टोकास प्लाटियाचे लोक. इराण्यांचा भरवसा धनुष्यावर; त्यांच्या ढाली वेताच्या, भाले आखूड, अंगावर ग्रीकांसारखे जड चिलखत नाही. बाणांच्या टप्प्यात रेंगाळणे म्हणजे मरणे, हे ग्रीकांनी ओळखले. दोन सैन्यांमधील सुमारे दीड किलोमीटरचे अंतर ते धावत गेले, असे हिरोडोटस म्हणतो. एवढे ओझे घेऊन सारे अंतर धावणे अशक्य आहे आणि ते शेवटच्या बाणाच्या टप्प्यातच धावले असावेत, असे आजच्या पुष्कळ अभ्यासकांस वाटते. त्या उन्हात नुसती छत्री घेऊन शंभर पावले भरभर चालून मी पाहिले आणि अभ्यासकांच्या बाजूने मत दिले.

पुढे व्हावयाचे तेच झाले. पातळ मध्य फुटला. इराणी व शक त्यातून आत घुसले. परंतु दोन्ही टोकांवर ग्रीक जिंकले, आणि जिंकल्यावर त्यांनी जे केले ते मला साऱ्या लढाईत मोठे वाटते. समोरचा शत्रू पाठ दाखवून पळत असता त्याचा पाठलाग करण्याचा व लूट मिळविण्याचा मोह कोणास होत नाही? त्यांनी तो आवरला. पळणाऱ्यांस जाऊ दिले, दोन्ही टोके एकमेकांकडे वळली आणि मध्यभागी मार खात असलेल्या आपल्या लोकांच्या साह्यास गेली. त्यानंतर इराणी सैन्य समुद्राकडे पळाले. कित्येक दलदलीत रुतून मेले. किनाऱ्यावर सात गलबते ग्रीकांच्या हाती लागली. त्या झटापटीत कॅलिमाकस पडला. नाटककार एस्किलस ह्याचा भाऊ किनेगिरस ह्याने गलबतास हात घातला असता त्याचा हात तोडला गेला व तोही मेला. स्वतः एस्किलस त्या दिवशी ओळीत होता.

एका आवारात ऑलिव्हच्या झाडांमध्ये ते टेकाड आहे. उंची सुमारे नऊ मीटर, म्हणजे आमच्या गावच्या देवळाच्या शिखराएवढी. वर चढू देत नाहीत. सभोवार पाऊलवाट आहे, तिने मी प्रदक्षिणा केल्यासारखा एक फेरा घातला. बाहेरून पाहता गवत उगवलेला मातीचा ढीग, दुसरे काही नाही. आधी श्लीमनने येथे खणून पाहिले, पण त्याला ही त्या वीरांची समाधी वाटली नाही. पुढे १८९०-९१ मध्ये स्ताइस ह्या ग्रीक संशोधकाने खोल खणले, तेव्हा तळाशी राखेचा थर, जळालेली हाडे आणि मृतांबरोबर ठेवलेल्या तेलाच्या लहान कुप्या सापडल्या. युद्धात पडलेल्यांच्या अस्थी अथेन्सला नेऊन पुरण्याचा त्या नगराचा रिवाज होता. मॅरेथॉनच्या मृतांस मात्र विशेष मान म्हणून जेथे पडले तेथेच ठेवले, असे थ्युसिडिडीझ सांगतो.

प्लाटियाच्या लोकांची आणि लढाईत पडलेल्या दासांची समाधी वेगळी होती, असे दुसऱ्या शतकात हे मैदान पाहावयास आलेला पॉसेनियस लिहितो. दास ह्या लढाईत प्रथमच लढले असे तो म्हणतो, आणि मिल्टियाडीझने लढाईपूर्वी त्यांस मुक्त केले होते अशीही नोंद करतो. येथून जवळच, व्राना येथील संग्रहालयाच्या बाजूस, १९७० मध्ये मारिनातोस ह्याने उकललेले एक लहान टेकाड आहे. ते प्लाटियाच्या वीरांचे असे त्याने म्हटले. इतरांस ते मान्य नाही. पौर्णिमा उलटल्यावर स्पार्टाचे दोन हजार लोक घाईघाईने आले. लढाई संपली होती. त्यांनी मैदानावर जाऊन मृत इराणी पाहिले, अथेन्सवासीयांची वाहवा केली आणि ते घरी गेले.

आता मिल्टियाडीझचे काय झाले तेही ऐकावे. त्याने लोकांपाशी विजयाबद्दल ऑलिव्हच्या मुकुटाचा मान मागितला. तेव्हा भर सभेत एक सामान्य नागरिक उठला आणि म्हणाला की मिल्टियाडीझ, ज्या दिवशी तू एकटा लढून जिंकशील त्या दिवशी एकट्याचा मान माग. ही गोष्ट प्लुटार्कने दिली आहे. नगरातील चित्रशालेत ह्या लढाईचे चित्र काढले, तेव्हाही त्याचे नाव घालू दिले नाही. ओळीच्या पुढे उभा राहून तो लोकांस उत्तेजन देत आहे, एवढे चितारण्यास मात्र परवानगी दिली, असे एस्किनीझ हा वक्ता सांगतो. पुढल्याच वर्षी एक स्वारी फसल्यामुळे त्यास जबर दंड झाला आणि मांडीची जखम चिघळून तो मेला. लोक कृतघ्न होते असे म्हणावे तर म्हणता येईल. पण ज्या लोकांनी सेनापतीचे नाव गाळले, त्यांनी कोणाची नावे लिहिली, ते पाहण्यासारखे आहे.

पॉसेनियस लिहितो की ह्या टेकाडावर दगडी फलक उभे होते आणि त्यांवर पडलेल्यांची नावे गणवार कोरलेली होती. ते फलक पुढे नाहीसे झाले. मी वर्गात गोष्ट सांगितली तेव्हा त्यांपैकी कोणाचाच ठावठिकाणा लागलेला नव्हता. म्हणजे तेव्हा त्या मुलास खरे उत्तर द्यावयाचे तर 'नावे होती, पण हरवली' एवढेच देता आले असते. परंतु २००० साली दक्षिणेस पेलोपोनेसमध्ये लूकू येथे हिरोडिस ॲटिकसच्या वाड्याच्या अवशेषांत एक फलक सापडला. हा हिरोडिस दुसऱ्या शतकातला कुबेर, मूळचा मॅरेथॉनचाच. त्याने तो फलक आपल्या वाड्यात नेला असावा. फलक एरेख्थेइस ह्या एका गणाचा आहे. बहुतेक अभ्यासक तो मॅरेथॉनचाच मानतात. वर चार शब्द स्तुतीचे आणि खाली एकाखाली एक बावीस नावे.

पुतण्याने आपल्या फोनवर त्या फलकाचे चित्र काढून दिले आणि टेकाडाच्या सावलीत बसून आम्ही ती अक्षरे लावली. ग्रीक लिपी मला थोडी येते. संस्कृताशी तुलना करण्याच्या नादाने ती मी शिकलो होतो. द्राकोन्तिदेस. अन्तिफोन. ग्लौकियादेस. तिमोक्सेनोस. थेओग्निस. दिओदोरोस. लेप्तिनेस. फैद्रियास. बापाचे नाव नाही, हुद्दा नाही, पराक्रम नाही, नुसते नाव. मी ती बावीसही मोठ्याने वाचली. शिक्षकाच्या सवयीने हजेरी घेतल्यासारखी वाचली गेली असावीत, कारण जवळून जाणारी दोन परदेशी मुले थांबून पाहू लागली. १९२ पैकी बावीस. बाकीचे १७० अद्याप आकडाच आहेत, आणि दासांचा तर आकडाही नाही.

तेथे बसल्या बसल्या मला अक्षौहिणीचे कोष्टक आठवले. एकवीस हजार आठशे सत्तर रथ, तितकेच हत्ती, पासष्ट हजार सहाशे दहा घोडे आणि एक लक्ष नऊ हजार तीनशे पन्नास पायदळ. हे मी शेकडो मुलांकडून पाठ करवून घेतले. भारती युद्धात अशा अठरा अक्षौहिणी. रथींची नावे आपणांस ठाऊक, त्यांच्या शंखांची नावे ठाऊक. पायी लढणाऱ्या त्या लाखोंपैकी एकाचेही नाव मी मुलांना कधी सांगितले नाही, आणि सांगावे म्हटले तरी सांगता आले नसते.

परत आल्यावर मी त्या विद्यार्थ्याचा शोध घेतला. तो आता तालुक्याच्या गावी दुकान चालवितो. केस पांढरे झाले आहेत. मला पाहताच पाया पडला. मॅरेथॉनला जाऊन आलो, हे सांगताच तो प्रश्न त्याच्या चटकन लक्षात आला. मी त्याला बावीस नावांचा कागद दिला आणि म्हणालो, "उत्तरास उशीर झाला. आता दुसरे उत्तर आपण दोघे शोधू."

पणजोबांचे नाव त्याला ठाऊक होतेच. बाकीच्या पाचांसाठी आम्ही गावातील म्हाताऱ्यांकडे गेलो. एका आजीबाईंनी आपल्या चुलतसासऱ्यांचे नाव सांगितले. त्यांच्या घरात त्या नावाने अजून सर्वपित्रीला पान वाढतात. पहिल्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. तेथे पडलेल्यांसाठी बसऱ्यास स्मारक उभारले, त्यावर इंग्रज शिपायांची नावे कोरली, पण हिंदी शिपायांचा पलटणीवार आकडाच दिला. ह्या भेदभावाची कबुली राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये आपल्या अहवालात दिली आहे. कागदोपत्री मात्र पुष्कळांची नावे आहेत, आणि त्या आयोगाच्या याद्या आता घरबसल्या पाहता येतात. पुतण्याने जर्मनीत बसून त्या धुंडाळल्या आणि बापाच्या व गावाच्या नावावरून आणखी दोघे शोधून काढले. सहांपैकी चौघे मिळाले. दोघे अजून मिळालेले नाहीत.

ही चार नावे शाळेच्या फलकावर लिहिली आहेत आणि खाली दोन ओळी रिकाम्या ठेविल्या आहेत. वाचकांपैकी ज्यांच्या गावी असा दगड असेल, त्यांनी तो एकदा थांबून वाचावा, आणि घरात ऐंशी-नव्वदीचे कोणी माणूस असेल तर त्यास आजच विचारावे. अशी माणसे आता थोडी उरली आहेत. आमच्या गावात त्या आजीबाई एकट्याच होत्या. गेल्या पौषात त्या वारल्या.